कंपनी खरी, पण माणूस तिचा का?

प्रश्न : काका, नमस्कार. मी म्हार्दोळची. आमचे पपा कदंबमध्ये कंडक्टर होते. शेवटच्या थांब्यावर गाडी उभी राहिली की वही काढून लिहीत बसायचे. कोण चढलं, कोण काय बोललं, कुठल्या जत्रेच्या रात्री नाटकाला किती माणसं उतरली, सगळं. २०१७ साली ते गेले. अकरा वह्या घरात आहेत. आईच्या डोळ्यांदेखत त्यांचं पुस्तक व्हावं असं मला वाटतं. इंटरनेटवर एक लेखन सेवा सापडली. वह्या वाचून, नीट लिहून, छापूनही देतात. ५२,००० रुपये, वर ‘आयएसबीएन शुल्क’ (म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचं) ६,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ६९,०३०. निम्मे आगाऊ. साइटच्या तळाला ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असं नाव, नोंदणी क्रमांक, जीएसटी क्रमांक, लंडनचा पत्ता आणि ‘२००९ पासून आपल्या सेवेत’ असं आहे. माझ्या दिराने सरकारी साइटवर क्रमांक घालून बघितला, कंपनी ‘ॲक्टिव्ह’ आहे. बोलणारा माणूस मराठीच आहे, गोड बोलतो. पण सवलत संपत आली म्हणून आठवडाभर रोज मेसेज करतो. पैसे पाठवू का? साइटचा पत्ता आणि कोटेशन सोबत जोडलंय.
— एक वाचक, म्हार्दोळ

उत्तर : ताई, अजून पाठवू नका.

दिरांनी तपासलं ते चांगलं केलं. क्रमांक खोटा नाही, मीही घालून बघितला. पण त्यावरून कळतं ते एवढंच, की त्या नावाची एक कंपनी देशात आहे आणि ती बंद पडलेली नाही. तुमच्याशी गोड बोलणारा माणूस त्या कंपनीचा आहे का, हे ती सरकारी साइट सांगत नाही, सांगू शकतही नाही. फसवणाऱ्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. मला मात्र आठ हजार रुपये भरल्यावर कळलं.

पणजीत अठरा जून रस्त्यावर एका सीएच्या कचेरीत मी २८ वर्षं कंपन्यांचे फॉर्म भरले. म्हणजे या विषयात तरी मला कोणी गंडवू नये. तर २०१९ साली आमच्या गावच्या वाचनालयाची स्मरणिका निघायची होती. ११२ पानं टाइप करून, शुद्धलेखन तपासून देणारी एक सेवा मीच शोधून काढली. बिलावर सीआयएन, म्हणजे सरकारने कंपनीला दिलेला ओळख क्रमांक, होता. मी साइट उघडली, ‘ॲक्टिव्ह’ हा शब्द वाचला आणि कमिटीला छातीठोकपणे सांगितलं, कंपनी पक्की आहे. आठ हजार गेले. आठ दिवसांनी चौदा पानं आली, त्यांत सगळ्या ‘ळ’चे ‘ल’ झालेले. ‘माटोली’, ‘नारल’, ‘सकाली’. त्यानंतर फोन बंद.

मग तोच सीआयएन मी चष्मा लावून नीट वाचला. उद्योगाचा आकडा ४५ ने सुरू होत होता. कंपनी २०११ ची, आणि तेव्हाच्या वर्गीकरणात ४५ म्हणजे बांधकाम. नोंदणीचा पत्ता ठाण्याचा. फोन मिळवून लावला, तर पलीकडचे गृहस्थ म्हणाले, “आम्ही इमारती बांधतो हो, स्मरणिका नाही.” त्यांच्या क्रमांकावर कोणी बिलं फाडतोय याचा त्यांना पत्ता नव्हता. आमचे खजिनदार अजून दर चवथीला विचारतात, ठाण्याच्या फ्लॅटचा ताबा कधी मिळतोय?

आता तुमचं कोटेशन घेऊ. पूर्ण क्रमांक मी छापत नाही. तो ज्या कंपनीचा आहे, तिचा यात काही दोष असेलच असं नाही.

सीआयएनमध्ये २१ अक्षरं-आकडे असतात आणि ते वाचता येतात. पहिलं अक्षर ‘एल’ असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, ‘यू’ असेल तर नाही. पुढचे पाच आकडे धंद्याचे. मग राज्याची दोन अक्षरं, गोव्याची ‘जीए’, महाराष्ट्राची ‘एमएच’. मग स्थापनेचं वर्ष, मग कंपनीचा प्रकार (‘पीटीसी’ म्हणजे प्रायव्हेट), शेवटी सहा आकडी नोंदणी क्रमांक. तुमच्या कोटेशनवरच्या क्रमांकात राज्य ‘केए’ म्हणजे कर्नाटक आणि वर्ष २०१४ आहे. जी कंपनी २०१४ साली जन्मली, ती २००९ पासून तुमच्या सेवेत कशी? आधी मालकीचा धंदा होता, मग कंपनी केली, असं उत्तर येऊ शकतं, आणि कधी कधी ते खरंही असतं. पण विचारा. उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो, तेही बघा.

कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या त्याच पानावर ‘ॲक्टिव्ह’च्या खाली आणखी बरंच असतं आणि तिथवर कोणी जात नाही. नोंदणीकृत पत्ता, संचालकांची नावं, शेवटची वार्षिक सभा कधी झाली, शेवटचा ताळेबंद कुठल्या तारखेचा भरलाय. ताळेबंद चार वर्षांपूर्वीचा असेल तर कागदावर जिवंत असलेली कंपनी प्रत्यक्षात निजलेली आहे असं समजा. भांडवल लाखभरच दिसलं म्हणून मात्र घाबरू नका. २०१५ पासून किमान भांडवलाची अटच राहिलेली नाही, चांगल्या छोट्या कंपन्याही दहा हजारांवर सुरू होतात. शंभर रुपये फी भरली की कंपनीने दाखल केलेली कागदपत्रंही बघायला मिळतात. सत्तर हजारांच्या कामासाठी शंभर रुपये घालवायला हरकत नाही.

आता जीएसटी क्रमांक. तुमच्या बाबतीत सगळ्यात बोलका कागद हाच निघाला. त्यात १५ अक्षरं-आकडे असतात. पहिले दोन राज्याचे, गोव्याचे ३०, महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९. तुमच्या कोटेशनवर ०७ आहे, म्हणजे दिल्ली. कंपनी कर्नाटकाची, जीएसटी दिल्लीचा, कचेरी लंडनला आणि बोलणारा मराठी! एवढ्यावरून चोर म्हणता येत नाही, कंपनी चार राज्यांत नोंदणी करू शकते. पण तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा अक्षरं म्हणजे पॅन क्रमांक, आणि पॅनचं चौथं अक्षर तो कोणाचा आहे ते सांगतं. ‘सी’ असेल तर कंपनी, ‘एफ’ असेल तर भागीदारी, ‘पी’ असेल तर एकटा माणूस. म्हणजे जीएसटी क्रमांकातलं सहावं अक्षर बघायचं. तुमच्या कागदावर बोट ठेवून मोजा. तिथे ‘पी’ आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या पॅनमध्ये तिथे ‘पी’ येऊच शकत नाही.

मग मी जीएसटीच्या साइटवर गेलो. करदाता शोधायला तिथे लॉगिन लागत नाही, क्रमांक घातला की नाव, धंद्याचं स्वरूप आणि नोंदणीची स्थिती दिसते. नाव एका व्यक्तीचं आलं, कंपनीचं नाही. स्थिती ‘रद्द’. नोंदणी नसलेल्या माणसाला जीएसटी गोळा करायचा अधिकारच नाही. म्हणजे तुमच्या कोटेशनमधले १०,५३० रुपये सरकारच्या नावाने मागितलेत, पण सरकारकडे जायची त्यांना वाटच नाही.

इथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण तुम्ही विश्वासाने सगळे कागद पाठवलेत, म्हणून बाकीचंही सांगतो.

कोटेशनवर नुसता लोगो आणि व्हॉट्सॲपचा नंबर आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ प्रमाणे कंपनीला आपल्या पत्रांवर आणि बिलांवर नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन, फोन, ई-मेल छापावा लागतो. ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कायदेशीर नाव, मुख्य कचेरीचा पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव साइटवर द्यावं लागतं. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. तुमच्या साइटवर तक्रार अधिकारी औषधालाही नाही. पाच चांदण्यांचे अभिप्राय मात्र भरपूर आहेत. अभिप्राय मी वाचत नाही. ते कोणी लिहिले हे कळायला मार्ग नसतो, आणि लेखन सेवेला चार अभिप्राय लिहिणं अवघड ते काय?

साइटचं नाव कधी विकत घेतलं तेही बघता येतं. आयकॅन नावाची संस्था जगभरातल्या साइटनावांची व्यवस्था बघते, तिच्या शोधपानावर नाव घातलं की नोंदणीची तारीख येते. यांची सात महिन्यांपूर्वीची आहे. जुनी कंपनी नवीन नाव घेऊ शकते, म्हणून नुसत्या या गोष्टीवरून मी कोणाला लबाड म्हणणार नाही. पण ‘२००९ पासून’ म्हणणाऱ्याने जुनी साइट कुठली होती एवढं तरी सांगावं. वेबॅक मशीनवर जुन्या साइटांची पानं साठवलेली असतात, तिथे ती सापडायला हरकत नाही.

लंडनच्या पत्त्याने भारावून जायचं कारण नाही. ब्रिटनमध्ये कंपन्यांची नोंद कंपनीज हाउसकडे होते आणि ती कोणालाही फुकट शोधता येते. तिथे या नावाची कंपनी मला सापडली नाही. सापडली असती तरी फार काही सिद्ध झालं नसतं. तिथे बरीच वर्षं लोक लिहून देतील ती माहिती न तपासता नोंदली जायची, २०२३ च्या कायद्याने आता कुठे ते आवळायला घेतलंय. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात तर विल्मिंग्टन शहरातल्या एका इमारतीच्या पत्त्यावर दोन लाखांहून जास्त कंपन्या नोंदलेल्या आहेत. परदेशातला पत्ता म्हणजे पुष्कळदा भाड्याने घेतलेली टपालपेटी.

आयएसबीएनचे ६,५०० वाचून मात्र मला हसू आलं. भारतात आयएसबीएन फुकट मिळतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाखाली दिल्लीत राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी आहे, तिच्याकडे ऑनलाइन अर्ज करायचा. स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही तो मिळतो. अर्ज भरून देण्याचे पाचशे-हजार कोणी मागितले तर ती मेहनत झाली, पण ‘शुल्क’ म्हणून साडेसहा हजार?

साइटवर सहा मराठी पुस्तकांची मुखपृष्ठं लावलीत, “आम्ही तयार केलेली पुस्तकं” म्हणून. पणजीला गेलात की पाटोवरच्या संस्कृती भवनात कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात चक्कर मारा, दुपारभराचं काम आहे. त्यांतलं एखादं पुस्तक मिळालं तर आतलं पान उघडा, जिथे प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती छापलेली असते. या सेवेचं नाव तिथे कुठेच नसेल तर प्रकाशकाला फोन करून विचारा. आणि सहापैकी एकही पुस्तक कुठल्याच ग्रंथालयाला, कुठल्याच दुकानदाराला माहीत नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.

शेवटी पैशाची वाट. पैसे कुठे पाठवायचे म्हणून त्यांनी जो यूपीआय दिलाय, तो ॲपमध्ये घाला. पैसे पाठवायच्या आधीच बँकेत नोंदलेलं नाव समोर येतं. मी घालून बघितलं. नाव तिसऱ्याच माणसाचं आहे, जीएसटीवर होतं तेही नाही. खऱ्या कंपनीचं खातं कंपनीच्या नावाने असतं. “अकाउंट्सवाल्या मॅडमच्या खात्यात टाका” असं कोणी म्हटलं की फोन ठेवायचा.

मोसमाच्या सुरुवातीला म्हापशाच्या बाजारात कोणी मानकुराद म्हणून आंबा हातात दिला, तर आपण वास घेतल्याशिवाय, आधीच्या वर्षी याच बाईने काय दिलं होतं ते आठवल्याशिवाय दोन हजार मोजतो का? मोबाइलवर मात्र आपण टोपलीवरची पाटी वाचूनच पैसे देतो.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही घाबरून वह्या परत कपाटात ठेवाल. कंपनी नाही, जीएसटी नाही, म्हणजे लबाड, असं अजिबात नाही. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. भागीदारीची नोंदणीही ऐच्छिकच आहे. फोंड्यात घरी बसून मराठी टंकलेखन करणारी, मुद्रितं तपासणारी माणसं आहेत, त्यांतल्या बहुतेकांकडे यातला एकही क्रमांक नसेल. ती तसं सांगतात, बिल स्वतःच्या नावाने देतात, पैसे स्वतःच्या खात्यात घेतात. त्यात खोटं काही नाही. कंपनी नसताना नावापुढे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लावणं हा मात्र कायद्याने गुन्हा आहे, दिवसाला ५०० ते २,००० रुपये दंड आहे. आणि ‘आयएसओ प्रमाणित’, ‘एमएसएमई नोंदणीकृत’ असली चित्रं कोणी दाखवली तर त्याने हुरळून जाऊ नका. आयएसओ ही संस्था स्वतः कोणालाच प्रमाणपत्र देत नाही, आणि एमएसएमईची उद्यम नोंदणी स्वतःच्या घोषणेवर फुकटात होते.

कोणालाही काम द्या, पण मूळ वह्या घराबाहेर काढू नका. फोटो काढून, झेरॉक्स करून द्या. आधी चारच पानं द्या आणि त्या चार पानांचे पैसे वेगळे मोजा. पपांनी “सुटे नाहीत, बाकी उतरताना” असं लिहिलं असेल आणि त्याचं “त्या काळी प्रवाशांमध्ये नाण्यांचा तीव्र तुटवडा जाणवत असे” असं होऊन आलं, तर चार पानांतच तुमचे पासष्ट हजार वाचले. अलीकडे असलं गुळगुळीत मराठी यंत्रातून काढून देणारेही झालेत. वाचताना कंडक्टरची घंटा ऐकू आली पाहिजे.

करार लेखी करा. वह्यांचा कॉपीराइट पपांचा होता, तो आता वारसांचा आहे. लेखकाच्या हयातीत न छापलेल्या लेखनाच्या बाबतीत, पुस्तक निघेल त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं तो चालतो. तेव्हा आईची आणि भावंडं असतील तर त्यांची सही आधी घ्या. आपल्याकडे पुस्तक निघाल्यावर आठवण होणारी भावंडं पुष्कळ असतात. यांच्या कोटेशनच्या तळाला बारीक अक्षरात “सर्व हक्क सेवेकडे राहतील” अशी एक ओळ आहे, ती तुम्ही वाचली नसावी. हक्क दिल्याचं लेखी आणि सहीनिशी असावं लागतं, आणि मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. पण ती ओळ कोणत्याही करारात ठेवूच नका. लिहिणाऱ्याला मेहनताना मिळेल, हक्क घरात राहतील.

पैसे कामाप्रमाणे, तीन-चार टप्प्यांत. आणि ‘सवलत संपत आली’ला उत्तर म्हणून त्या माणसाला एवढंच लिहा, की कंपनीच्या नावाचा रद्द केलेला चेक आणि संचालकाच्या सहीचं पत्र नोंदणीकृत पत्त्यावरून पाठवा, मग बोलू. माझा अंदाज, मेसेज आपोआप थांबतील.

प्रश्न : पीएचडीचा प्रबंध लिहून देणारी एक संस्था आहे. ती अधिकृत कंपनी आहे की नाही ते कसं तपासू? नाव छापू नये.

उत्तर : वर लिहिलंय तसंच तपासा. कंपनी सोळा आणे खरी निघेल कदाचित. त्याने तुम्हाला काय फरक पडतो? प्रबंध तुमचा नसेल तर तो नोंदणीकृत कंपनीकडून घेतला की बिननोंदणीच्या, हे विद्यापीठ विचारत नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधात ६० टक्क्यांवर उचलेगिरी सापडली तर नोंदणीच रद्द होते. ४० ते ६० मध्ये वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही, १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत पुन्हा लिहून द्यावं लागतं. ज्याने पैसे घेऊन लिहून दिलं, तो कुठून उचलतो हे तुम्हाला कळणार नाही, आणि उद्या त्याने ‘गाइडला सांगेन’ म्हणून आणखी पैसे मागितले तर तक्रार तरी कुठल्या तोंडाने कराल? इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने असली सेवा विकणं आणि तिची जाहिरात करणं दोन्ही गुन्हा ठरवलंय. भाषा तपासून घ्यायची असेल, तक्ते नीट लावून घ्यायचे असतील, तर गाइडला सांगून उघडपणे घ्या. त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : सर, मी काणकोणची, एम.ए.ला आहे. घरबसल्या मजकूर लिहिण्याचं काम म्हणून एका कंपनीशी मोबाइलवर करार केला. सहा दिवसांत ३०० पानं टाइप करायची होती. मी केली. ते म्हणाले, अचूकता ९० टक्क्यांपेक्षा कमी आहे, पैसे मिळणार नाहीत, उलट कराराप्रमाणे ५,९०० रुपये भर. नाही म्हटल्यावर वकिलाची नोटीस व्हॉट्सॲपवर आली. अटक होईल म्हणतात. घरी सांगितलेलं नाही. नोटिशीचा फोटो पाठवते.

उत्तर : बाळे, एक पैसा भरू नकोस आणि आज रात्री जेवताना घरी सांग. हे दोन्ही आधी.

मघाशी गिऱ्हाइकाचं सांगितलं, हे लेखकाचं. जो तुला काम देतो, तो तुझ्याकडे पैसे मागतो तिथेच गोष्ट उलटी आहे. यांचा धंदा टायपिंगचा नाहीच, नोटिशीचा आहे. ३०० पानं कोणाला नकोच असतात. ती तू नापास व्हावीस म्हणूनच दिलेली असतात.

करार मोडला म्हणून कोणाला अटक होत नाही. तो दिवाणी मामला. समोरच्याने कोर्टात जायचं, नुकसान काय झालं ते दाखवायचं, मग कोर्ट वाजवी वाटेल ती भरपाई ठरवणार, करारात लिहिलेला आकडा ही फार तर कमाल मर्यादा. तुझं काम चुकल्याने यांचं ५,९०० चं नुकसान कसं झालं, हे सांगायला ते कुठल्याच कोर्टाची पायरी चढणार नाहीत.

आता तुझी नोटीस. वकिलाचं नाव आहे, सनद क्रमांक नाही. महाराष्ट्र आणि गोव्याची बार कौन्सिल एकच आहे, खऱ्या वकिलाची नोंद अशा कुठल्या तरी राज्याच्या कौन्सिलकडे असतेच आणि नाव विचारून खात्री करता येते. खाली गोल शिक्का आहे, मी भिंग लावून वाचला : ‘गोवा हाय कोर्ट, मडगाव’. असं कोर्टच नाही. मुंबई उच्च न्यायालयाचं गोव्यातलं खंडपीठ पर्वरीला बसतं. आणि वकिलाच्या नोटिशीवर कोर्टाचा शिक्का कधीच नसतो, ती वकील आपल्या लेटरहेडवर पाठवतो.

करार करताना तू आधार आणि पॅनचे फोटो दिलेत असं पत्रात लिहिलंयस. याची मला नोटिशीपेक्षा जास्त काळजी वाटते. आधारच्या साइटवर किंवा ॲपवर बायोमेट्रिक लॉक करून टाक, दोन मिनिटांचं काम आहे. तुझ्या पॅनवर कोणी कर्ज घेतलंय का ते कळायला क्रेडिट ब्युरोकडून, म्हणजे लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडून, वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो आत्ता काढ, आणि काही महिन्यांनी दुसऱ्या ब्युरोचा.

१९३० या नंबरवर फोन कर. तो सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर आहे आणि पैसे गेलेले असतील तर जितक्या लवकर कराल तितका उपयोग, कारण खातं गोठवायला वेळ मिळतो. तुझे गेलेले नाहीत, तरी सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार लिहून ठेव. काणकोणहून रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यापर्यंत जायची गरज नाही, जवळच्या ठाण्यातही अर्ज देता येतो. म्हार्दोळच्या ताईंनाही हाच नंबर. पैसे दिले आणि काम मिळालं नाही असं झालं, तर त्यांना ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. त्यानंतर आपल्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग आहेच, तिथे ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि कंपनी लंडनची असो की दिल्लीची, तक्रार आपण राहतो तिथे करता येते.

त्यांचे नंबर ब्लॉक करण्याआधी मेसेज, करार, नोटीस सगळ्याचे फोटो काढून ठेव, तारीख-वेळ दिसेल असे. ती ३०० पानं टाइप केलेली फाइलही पुसू नकोस. तक्रारीला जोडायची आहे.